शड्डू कुणापुढं ठोकायचा

(मुलांनो, डोळ्यांपुढं एक मैदान आणा. भूगावातल्या नव्या इमारतींच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताचं, चारी बाजूंनी जाळी लावलेलं. तेरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल चालू आहे आणि आत्ताच हाफटाइमची शिट्टी झाली आहे. एका बाजूला भूगावच्या सोसायटीचा संघ, दुसऱ्या बाजूला कोळवणचा. कोळवणच्या बाजूला जाळीपाशी तिघं जण उभे आहेत: संघाची कॅप्टन उज्वला, तिचा चुलता दयानंद, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावरही गावातल्या पोरांना खेळ शिकवणारे जनार्दन सर. तुम्हीही त्यांच्या शेजारी उभे राहा. बोलू मात्र नका, नुसतं ऐका.)

उज्वला : न्हाई मागणार. सर, तुमी मला परत इचारू नका.

सर : मी विचारलंच नाही. ते काय म्हणतात तेवढं सांगितलं. संत्रं खा.

उज्वला : मला नको संत्रं.

दयानंद : बरोबर हाय पोरीचं. कशापायी मागायची माफी? गोल केला म्हून?

सर : गोलाबद्दल कुणाची तक्रार नाही, दयानंद. गोल चांगलाच होता. एक-एक बरोबरी झाली आपली. तक्रार त्याच्या पुढची आहे.

उज्वला : शड्डूची.

सर : हो. गोल झाल्यावर तू त्यांच्या गोलकीपरपुढं मांडीवर थाप मारलीस. रेफरींनी पिवळं कार्ड दिलं, तिथं खरं म्हणजे विषय संपला होता. पण सोसायटीचे पालक आयोजकांकडं गेले. आता आयोजक म्हणतात, कोळवणच्या कॅप्टननं माईकवर, सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर दुसऱ्या हाफला बाहेर बसायचं.

दयानंद : कोन म्हनतं? मला दावा तो मानूस.

सर : तुला दाखवला तर आपला सगळाच संघ बाहेर बसेल. मी जाऊन बोलून आलोय. म्हटलं, आमच्याकडं गावोगाव तालमी आहेत. पैलवान कुस्तीला उभा राहिला की मांडीवर थाप मारतो, म्हणजे 'मी तयार आहे, ये' असं सांगतो. त्यात वाईट काही नाही.

दयानंद : मंग?

सर : मग ते म्हणाले, ते तुमच्या गावात. इथं चालत नाही. एका बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ काढलाय, तो त्यांनी दाखवला. मुलीनं अश्लील हावभाव केला, असं त्यांचं म्हणणं.

उज्वला : अश्लील म्हंजी काय?

सर : म्हणजे घाणेरडा. लाज नसलेला.

उज्वला : मंग माझा आबा रोज सकाळी तालमीत लाज नसलेलं करतो व्हय?

सर : नाही.

उज्वला : मंग मी माईक हातात घेऊन कसं म्हनू, मी घाण केली म्हून? मी तसं म्हनलं की ते खरंच झालं ना. तो व्हिडिओ उद्या आबाला कुनी दावला, तर आबा म्हनंल, ह्या पोरीनं माझ्या तालमीलाच घाण म्हनलं.

दयानंद : बाजी वस्तादाची नात हाय ती, सर. ह्या लोकान्ला वस्ताद म्हंजी काय ते तरी ठावं हाय का? वर दहाव्या मजल्यावर ऱ्हायाचं आन् आमाला गावठी म्हनायचं. आन् शनिवार-रविवार आला की आमच्याच वावरात हात-पाय पसरून पडायचं. कोळवणात बगा की, भाताच्या खाचरात फार्महाऊस बांधल्यात त्यांनी.

उज्वला : तुमीच तर विकलं त्यांना, तात्या.

दयानंद : ते येगळं.

उज्वला : गाडीत बसवून जागा दावायला बी तुमीच नेता. आमच्या जर्सीच्या पाठीवर काय लिवलंय? 'दयानंद प्लॉटिंग'.

दयानंद : अगं, धंदा येगळा आन् इज्जत येगळी. सर, ही फुटबॉलमदी कमी आन् तोंडानं जास्त खेळती.

सर : ती दोन्हीकडं बरी खेळते. उज्वला, पाणी तरी पी.

दयानंद : मी काय म्हनतो, ऐक माझं. माफी-बिफी काय न्हाई. कसंबी करून दुसऱ्या हाफला उतरायचं, आनखी एक गोल ठोकायचा आन् आता दोनी मांड्यांवर शड्डू मारायचा. असा मारायचा की त्या दहाव्या मजल्यावर आवाज गेला पायजे. बघू काय करत्यात.

सर : लाल कार्ड देतील. दुसरं काय करणार?

दयानंद : तुमी लईच थंड, सर. शाळंत बी असंच व्हता.

सर : आणि तू तिसरीतही असाच होतास. बाकावर उभं केलं की बाकावरून भांडायचास. जरा गप्प राहा, मला हिच्याशी बोलू दे. उज्वला, मी तुला माफी माग म्हणत नाही. मागू नको असंही म्हणत नाही. मला कुस्तीतलं फारसं कळत नाही, म्हणून विचारतो. आबा तालमीत शड्डू कधी ठोकायला सांगतात?

उज्वला : कुस्तीच्या आधी. माती कपाळाला लावायची, समोर जोडीदार उभा ऱ्हायला की ठोकायचा. मंग तो बी ठोकतो.

सर : आणि त्याला चीत केल्यावर?

दयानंद : जिकल्यावर बी ठोकत्यात की. जत्रंत बगितलं न्हाई का तुमी? फेटा बांधत्यात, खांद्यावर घेऊन नाचत्यात, तवा तो वरनंच...

सर : मी हिला विचारलं. चीत केल्यावर ठोकायचा का?

उज्वला : ते संत्रं द्या बरं हिकडं.

सर : घे. मी विचारलं त्याचं काय?

उज्वला : खाते आधी, मंग बोलते.

सर : बरं. सावकाश बोल. अजून थोडा वेळ आहे.

उज्वला : आबाच्या तालमीत न्हाई ठोकत. जत्रंत कुनी बी काय बी करू दे. आमच्या तालमीतल्या सिद्धनाथनं एकदा ठोकला व्हता, त्या दासवे गावच्या पोराला पाडल्यावर, त्याच्या छाताडावर उभं ऱ्हाऊन. लोकांनी लई टाळ्या वाजवल्या. आबानं दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ दिली आन् सगळा आखाडा एकट्याकडनं खणून घेतला. म्हनला, पडलेल्याला 'ये' म्हनतोस व्हय? तो कसा येनार? आधी उठू दे की त्याला.

दयानंद : ती कुस्ती. हा फुटबॉल हाय. फुटबॉलमदी गोल झाला की लोक काय काय करत्यात, शर्ट काढून पळत्यात. टीव्हीवर दावत्यात.

सर : खरं आहे. आनंद झाला की उड्या मारायच्याच. मी कधी अडवलंय का? आता मला त्या गोलाचं सांग. मी या कोपऱ्यातून बघत होतो, मला नीट दिसलं नाही. बॉल मारलास तेव्हा ती गोलकीपर कुठं होती?

उज्वला : ऋतिका.

सर : नाव माहीत आहे तुला?

उज्वला : त्यांची पोरं वरडत व्हती ना, ऋतिका ऋतिका म्हून. ती पुढं आली. म्या डाव्या पायानं मारला. ती आडवी झाली, बॉल तिच्या खांद्याला घासून आत गेला.

सर : मग ती उठली?

उज्वला : न्हाई.

सर : पडलेलीच होती.

उज्वला : पालथी. मंग उताणी झाली.

सर : आणि तू?

उज्वला : मी पळत गेले, तिच्या म्होरं उभी ऱ्हायले आन् ठोकला.

सर : तेव्हा तिनं काय केलं?

उज्वला : तोंडावर दोनी हात धरलं.

सर : का बरं?

उज्वला : मला काय म्हाईत.

सर : अंदाज सांग. चुकला तरी चालेल, पेपर तपासायचा नाहीये मला.

उज्वला : तिला वाटलं असंल, मी मारतीया.

सर : हं.

उज्वला : पर म्या मारलं न्हाई, सर. हात बी लावला न्हाई. आन् मी तिच्यासाठी ठोकलाच नव्हता. मी तर तिच्याकडं बघत बी नव्हते.

सर : मग कुणाकडं बघत होतीस?

उज्वला : तात्यांकडं. तात्या जाळीला लटकून वरडत व्हते, ठोक शड्डू, ठोक शड्डू.

दयानंद : म्हंजी आता सगळं माझ्यावर आलं व्हय?

सर : थोडं तुझ्यावरही यायलाच पाहिजे. 'तंगडी घाल', 'पाड तिला' हेही मी ऐकलंय. आवाज ओळखतो मी तुझा.

दयानंद : ते आपलं मॅचच्या भरात, सर. त्यात पोरीबद्दल वाईट काय नव्हतं. ती सायबाची पोरगी हाय का कुनाची, मला काय म्हाईत?

उज्वला : ती माझ्याएवढीच हाय, तात्या. तिचे ग्लोव्ज बी मोठे व्हतात तिला.

दयानंद : मंग आता काय, तिच्या पाया पडतीस?

उज्वला : न्हाई.

दयानंद : मंग माफी मागतीस?

उज्वला : माईकवर? न्हाई. मरंस्तोवर न्हाई. सर, तुमी म्हनाल मी चुकले, तरी बी न्हाई.

सर : तू चुकलीस, असं मी अजून म्हटलेलं नाही. चुकलीस का आणि कुठं, ते तू ठरव.

उज्वला : ठरवलंय.

सर : सांगतेस?

उज्वला : ते म्हनत्यात ती चूक म्या केली न्हाई. शड्डू घाण न्हाई. म्या दुसरी चूक केली, आन् ती त्यांनी बघितलीच न्हाई. तिची माफी माग, असं मला कुनी म्हनतच न्हाई.

सर : दुसरी कोणती?

उज्वला : आबाच्या तालमीत ज्यानं पाडलं त्यानंच पैला हात द्यायचा. उठवायचं. आन् पडला त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं झाडायची. त्याला त्याच्या पाठीला हात पोचत न्हाई ना, म्हून. भांडण असलं तरी झाडायची. आबा म्हनतो, झाडल्याबिगर कुस्ती संपलीच न्हाई, जिकलो म्हनायचं न्हाई. मी लहान असल्यापासनं बघतीया. आन् म्या काय केलं, तिला तशीच टाकून हिकडं पळून आले.

दयानंद : पर हितं माती कुटं हाय झाडायला? सगळं प्लॅस्टिक.

उज्वला : म्हून तर माझ्या ध्यानात आलं न्हाई.

सर : हं. आता कळलं मला.

दयानंद : मला न्हाई कळलं. सर, त्या तिकडं खुर्च्यांवर दोघं टोप्या घालून बसल्यात, ते कोन?

सर : जिल्ह्याच्या संघासाठी मुलं निवडायला आलेत. पहिल्या हाफलाच त्यांनी मला हिचं वय विचारलं. म्हणाले, पुढचा हाफ बघतो आणि सांगतो.

दयानंद : आं? मंग हे आधी न्हाई का सांगायचं?

सर : ते येणार हे हिला कालच सांगितलं होतं. तू विचारलं नाहीस.

दयानंद : उज्वला, ए बाय माझी, ऐक. जा पळत आन् माईकवर बोलून टाक दोन शब्द. सॉरी म्हनलं म्हून अंगाला भोकं पडत न्हाईत.

उज्वला : मगाशी तुमीच म्हनला, मागायची न्हाई म्हून.

दयानंद : मगाशी मला ते टोपीवाले म्हाईत नव्हते.

उज्वला : म्हंजी टोपीवाले असलं की शड्डू घाण व्हय?

दयानंद : आता हिला काय सांगावं? सर, तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती. अगं, जिल्ह्याचा संघ म्हंजी काय खेळ हाय का? कोळवणातनं आजपत्तोर एक पोरगी गेलेली न्हाई. तुझा बाप भाताची झोडणी टाकून येनार व्हता, म्या म्हनलं तू ऱ्हाव दे, मी हाय. आता त्याला काय तोंड दावू?

उज्वला : आबाला काय तोंड दावू ते मी बघते. बाबाला तुमी बघा.

सर : उज्वला, नीट ऐक. यात मी तुला फसवणार नाही. माईकवर सॉरी म्हणालीस तर खेळशील. ते दोघं बघतील आणि कदाचित निवडतीलही. नाही म्हणालीस तर बाहेर बसशील, मग ते काय बघणार? पुढच्या वर्षी तुझं वय उलटलेलं असेल, या गटात तुला उतरता येणार नाही. हे सगळं धरून सांग.

उज्वला : धरलंय.

सर : मी परत एकदा जाऊन त्यांच्याशी भांडू का?

उज्वला : तुमाला भांडता येतं?

सर : नाही येत. पण तुझ्यासाठी प्रयत्न करीन.

उज्वला : नको. तुमी पाया पडल्यागत भांडता. सर, तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

सर : मला कधी कुणी संघात घेतलंच नाही गं. मी काय सांगू? त्या वयात मी बहुतेक माईकवर गेलो असतो. मोठ्या माणसांनी डोळे वटारले की मी वाटेल ते बोलायचो.

उज्वला : मी न्हाई बोलणार.

सर : ते दिसतंय मला.

उज्वला : हाफटाइमला पलीकडच्या बाजूला गेलं तर चालतं?

सर : जाऊ नये असा नियम तरी नाही. का?

उज्वला : मी ऋतिकाकडं जाते. तिला सांगते, शड्डू घाण नसतोय, पर तू पडली व्हतीस तवा म्या ठोकला, ते चुकलं. तिलाच सांगायचं. तिच्या आईला न्हाई, व्हिडिओवाल्या बाईला न्हाई, माईकवर बी न्हाई. त्या कुनाला म्या पाडलं न्हाई.

दयानंद : आन् त्यांनी तरी बी बाहेर बसवलं तर?

उज्वला : तर बसंन. हा दंडावरचा पट्टा घ्या, सर. वैष्णवीला बांधा, कॅप्टन ती. तिला सांगा, त्यांचा तो उंच पोरगा डावीकडनं सुटतो, त्याला राजूनं धरावं. अंगाला धरायचं न्हाई, नुसतं म्होरं उभं ऱ्हायचं.

सर : सांगतो.

उज्वला : आन् तात्या, मी बाहेर बसले म्हून तुमी गप बसू नका. वैष्णवीसाठी वरडा. पर परत 'तंगडी घाल' म्हनला ना, तर मी ही जर्सी हितंच काढून तुमच्या हातात दीन आन् आतल्या बनियनवर कोळवणला जाईन. मंग ते बी घ्या व्हिडिओमदी.

दयानंद : बगा, बगा कशी बोलती चुलत्याला.

सर : तुझीच पुतणी आहे. जा गं.

दयानंद : निघाली. सर, अडवा की तिला. अजून येळ गेली न्हाई.

सर : अडवायला पाय कुठं आहेत माझे तेवढे? आणि असते तरी नसतं अडवलं.

दयानंद : ती आयोजकांची बाई बगा, माईक घेऊन तिच्याकडंच निघाली. तिला वाटलं, पोरगी माफी मागायला आली. उज्वला थांबली. काय बोलली?

सर : मान हलवली. नाही म्हणाली असेल. पुढं चालली.

दयानंद : बाई मागं मागं चाललीया. माईक तसाच पुढं धरून. ही ऐकंना. आता ती पोरगी कुटं हाय?

सर : त्या निळ्या छत्रीखाली. आईच्या मागं बसली आहे, ग्लोव्ज काढून.

दयानंद : आई उठली. हात आडवा धरला तिनं. सर, ती काय बी बोलंल हिला. मी जातो.

सर : थांब तू. तुला बघितलं तर त्या पोलीस बोलावतील.

दयानंद : आमच्या पोरीला गावठी म्हनली तर?

सर : म्हणू दे. ती ऐकून घ्यायला गेलेली नाही, सांगायला गेली आहे. बघ, उभी आहे. मागं सरकली नाही.

दयानंद : बोलतीया काय तरी. मांडीवर हात ठेवून दावतीया. अरं देवा, आता परत ठोकती का काय?

सर : नाही. समजावून सांगते आहे. शिकवताना मीही असेच हात हलवतो.

दयानंद : आई बाजूला होईना.

सर : आई नाही होत. ती मुलगीच उठली बघ. आईच्या काखेखालून पुढं आली.

दयानंद : ती पोरगी बी काय तरी इचारतीया. उज्वला हसली. न्हाई, हसली न्हाई, तोंड वाकडं केलं. आता? आता उज्वलानं तिला पाठमोरी का केली?

सर : तिच्या पाठीवर बघ. या गवतात काळी रबराची भुकटी टाकतात ना, पडलं की ती घामाला चिकटते. मुलीची सगळी पाठ काळी झाली आहे.

दयानंद : व्हय की. झाडतीया. आपल्या हातानं झाडतीया, सर.

सर : हं.

दयानंद : ते टोपीवाले बघत्यात का?

सर : एक जण बघतोय. दुसरा फोनवर आहे.

दयानंद : रेफरी निघाला. शिट्टी झाली. सर, शिट्टी झाली की. हिला ऐकू आली न्हाई का?

सर : ऐकू आली. खांद्यामागं थोडी राहिली आहे, तेवढी झाडते आहे.